गादीवरचं वासरू

हौसेनं वाळवंटात राहायला जाणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच पुरुष. माझ्या आधीच्या पिढ्याही वाळवंटात गेल्या होत्या, पण त्यांना जर्मन सैनिकांनी बंदुका रोखून हाकललं होतं, आणि त्यांच्यापाशी ना तंबू होता ना घडीच्या खुर्च्या. त्यामुळे या सुट्टीत भाड्याची गाडी घेऊन, ती स्वतः चालवत आपण ब्रांडबर्ग डोंगराच्या पलीकडे वाळवंटात मुक्कामाला जायचं, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा माझी बायको हुल्डा उठून आत गेली. तिनं शांतपणे आपल्या आईला फोन लावला.

मूळ दोष डेटलेफचा. इथे राजधानीत, विंडहोकच्या नगरपालिकेत, मी पाणीपट्टीच्या तक्रारी ऐकतो आणि डेटलेफ शेजारच्या टेबलावर नळांचे नकाशे काढतो. त्याचे पणजोबा जर्मनीहून आले आणि बहुधा तंबू घेऊनच आले, कारण ह्या घराण्याला चार भिंतींत सुट्टी घालवलेली चालत नाही. दर सुट्टीनंतर तो फोटो दाखवतो. टेकडीपुढे डेटलेफ, टेकडीमागे डेटलेफ, उकळत्या किटलीपुढे डेटलेफ. एकदा फोटो दाखवता दाखवता तो म्हणाला, "गर्सन, तुम्ही लोक कसे रे जात नाही कधी? देश तुमचा, आणि बघतो आम्ही!" त्याच्या मनात काही नव्हतं. माणूस सरळ आहे, म्हणूनच ते जास्त लागलं.

आम्ही हेरेरो लोक सुट्टीत कुठे जातो हे त्याला ठाऊक नसेल असं नाही. आम्ही गुरांकडे जातो. शुक्रवार संध्याकाळ झाली की आमच्या गल्लीतला प्रत्येक पुरुष पिकअपमध्ये पेंडीची पोती टाकतो, टोपी चढवतो आणि शहराबाहेर पडतो. सोमवारी परततो तेव्हा अंगाला शेणाचा वास आणि चेहऱ्यावर समाधान. माझीही गुरं होती. मागच्या मोठ्या दुष्काळात ती गेली. त्याबद्दल मी फारसं बोलत नाही, इथेही बोलणार नाही. एवढंच सांगतो, की तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी धुतो. हेरेरो माणसानं शुक्रवारी गाडी धुणं म्हणजे काय, हे हेरेरो माणसालाच कळेल. शेजारणी मुलांना गप्प करतात, दुखवट्याच्या घरावरून जाताना करतात तसं.

तेव्हा मला काहीतरी छंद हवा होता. मी ठरवलं, गुरं नाहीत तर नाहीत, आपण आधुनिक माणूस होऊ. तंबू ठोकू, किटली उकळू.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. समोरचे निवृत्त मास्तर इपिंगे कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"तिथं गवत आहे का?"

"नाही."

"पाणी?"

"नाही."

"बरं, नातेवाईक कुणी?"

"कुणीच नाही."

मास्तरांनी आवाज खाली आणला. "गर्सन, खरं सांग. पोलीस शोधतायत का तुला?"

मग टायरमधल्या हवेचा प्रश्न निघाला. वाळूत जायचं तर टायरातली हवा कमी करायची, यावर सगळ्यांचं एकमत होतं. किती कमी करायची, यावर मात्र कोणतेही दोन पुरुष एकमेकांशी सहमत नव्हते. डेटलेफनं एक आकडा दिला, मास्तरांनी त्याच्या निम्मा दिला. कोपऱ्यावर मांस भाजून विकणारा म्हणाला, हवा काढणं हे घाबरट माणसाचं लक्षण आहे. आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, हवा देवावर सोपव. शेवटी मी प्रत्येक टायरला वेगळा सल्ला लागू केला. गाडी किंचित डावीकडे ओढायला लागली, पण कुणाचं मन दुखावलं नाही.

सासूबाई गुरुवारीच आल्या. पूर्ण पोशाखात. म्हणजे जमिनीपर्यंत घेरदार झगा, आत परकरांवर परकर, आणि डोक्यावर गाईच्या शिंगांसारखं दोन्ही बाजूंना निघालेलं आमचं पागोटं. बगलेत आंबवलेल्या दुधाचा भोपळा. बसमधून उतरल्या त्या थेट भाड्याच्या गाडीपाशी गेल्या. पांढरी शुभ्र मोठी गाडी, टपावर घडी केलेला तंबू, मागे पाण्याची टाकी. त्यांनी गाडीला सावकाश प्रदक्षिणा घातली.

"जावई, ह्या डब्यात काय आहे?"

"तंबू आहे. उघडला की वर झोपायचं."

"छपरावर?"

"हो."

"माझ्या आजीला पाठीवर बांधून तिच्या आईनं वाळवंट तुडवलं. का? तर पोरगी जगावी, तिला डोक्यावर छप्पर मिळावं. आणि तुम्ही भाडं भरून छपराच्या वर झोपणार." मग त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "चला. मी येतेय. माझी मुलगी वाळवंटात जाणार असेल तर घरातलं कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं."

मी मोठ्या माणसांत मोडत नव्हतो, हे त्यातून कळलं. त्यात नवीन काही नव्हतं. सासूबाई मला कधी घालूनपाडून बोललेल्या नाहीत. त्या पाहुण्यांना माझी ओळख करून देताना फक्त म्हणत, "हे नोकरी करतात." गुरांबद्दल बोलणं निघालं की विषय बदलत. ती त्यांची दया होती, आणि दयेसारखं दुसरं झोंबणारं काही नाही.

तर आम्ही निघालो. सासूबाईंच्या पागोट्याचं एक टोक काचेबाहेर आणि दुसरं माझ्या कानात. डावीकडचा आरसा मला सबंध प्रवासात दिसला नाही. ओमारुरूच्या पुढे पहिला मुक्काम केला आणि मी टपावरचा तंबू उघडला. सूचना वाचून उघडला हे महत्त्वाचं, कारण मागाहून हुल्डानं तो सूचना न वाचता लगेच नीट उघडला. सासूबाईंनी शिडीकडे पाहिलं, परकर गोळा केले आणि एखादा बिशप व्यासपीठावर चढावा तशा वर गेल्या. आतून थोडा वेळ हलल्यासारखं झालं. मग आवाज आला, "गादी बरी आहे." तंबू तिघांचा होता म्हणे. झगा आणि पागोटं धरून तो सासूबाईंना नेमका पुरला. मी आणि हुल्डा गाडीच्या सीटवर झोपलो. म्हणजे हुल्डा झोपली. मी गिअरशी वाटाघाटी करत होतो.

दुसऱ्या दिवशी उइस गाव मागे टाकलं आणि वाळवंट सुरू झालं. खरं सांगतो, छाती भरून आली. सपाट, फिकट, कडेपर्यंत काही नाही, आणि एका अंगाला ब्रांडबर्ग आडवा पडलेला. मी गाडी थांबवून फोटोची तयारी केली. टेकडीपुढे गर्सन. डेटलेफला दाखवायचा पहिला पुरावा. मोबाइल हुल्डाच्या हातात दिला, पोट आत घेतलं आणि उभा राहिलो.

"जरा डावीकडे व्हा," हुल्डा म्हणाली. "तुमच्यामागे गाय येतेय मध्ये."

आता, शहाणा प्रवासी काय करील? तो डावीकडे सरकेल. डेटलेफ सरकला असता, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नसतं. पण मी वळून पाहिलं, आणि तिथंच सहल संपली.

खडकाच्या सावलीच्या चिंधीत एक तांबडी गाय उभी होती. पोटावर पांढरे पट्टे, शिंगं रुंद आणि वर वळलेली. ह्या रंगाच्या गाईला आमच्या भाषेत स्वतंत्र नाव आहे, आणि ते माझ्या तोंडून आपोआप निघालं. बरगड्या मोजता येत होत्या, जीभ बाहेर आली होती. तिच्या पायांशी नुकतंच जन्मलेलं, अजून ओलसर वासरू. चुकून कळपातून फुटून, गवत शोधत शोधत ती भलतीकडे आली असणार आणि इथं व्यायली.

मी काही ठरवलं नाही. माझ्या हातांनी ठरवलं. भांडी धुण्यासाठी दिलेलं प्लास्टिकचं घमेलं काढलं, टाकीचा नळ सोडला आणि ते तिच्यापुढे नेलं. तिनं मात्र मला वासरू पळवायला आलेला समजून शिंगं खाली घातली. पुढचं वर्णन मी थोडक्यात करतो. गाडीभोवती फेऱ्या झाल्या. पुढे मी, मागे गाय, आणि घमेल्यातलं पाणी माझ्या विजारीवर. सूचना न वाचता शिडी चढून मी टपावर गेलो.

तेव्हा सासूबाई गाडीतून उतरल्या. घाई नाही, ओरडणं नाही. पोशाख सावरत, आमच्या बायका चालतात त्या संथ चालीनं त्या गाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या. गाईनं एकदा टपावर माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंच्या शिंगांकडे पाहिलं, आणि इथं मोठं कोण आहे ते तिला कळलं. ती थांबली.

"जावई, उतरा आता. पाणी आणा."

मी आणलं. एक घमेलं, दुसरं, तिसरं. गाय पिताना जो आवाज करते तो मी दुष्काळानंतर पहिल्यांदा ऐकत होतो. मला रडू आलं, तेही सांगून टाकतो. लोकांचं पाणी तोडण्याच्या नोटिसांवर सही करणारा माणूस मी, टाकी रिकामी होईपर्यंत नळ धरून बसलो. सासूबाईंनी दरम्यान गाईचा कान धरून त्यावरची मालकाच्या खुणेची खाच पाहिली. बराच वेळ पाहिली. तोंड घट्ट मिटलं. मग त्या गाडीकडे गेल्या, पायांशी ठेवलेली स्वतःची पिण्याची बाटली आणली आणि तीही घमेल्यात ओतली.

"आई, आता आपण काय पिणार?" हुल्डानं विचारलं.

"दूध आहे भोपळ्यात."

पाण्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता, आणि वासराला तिथं सोडून जाण्याचा विषय कुणी काढलासुद्धा नाही. वासरू चार पावलं टाकून बसत होतं. मी टपावरची गादी काढली, गाडीच्या मागच्या भागात अंथरली, वासराला तिच्यावर ठेवलं, आणि त्याला धरून हुल्डा बसली. मागचं दार उघडं. वासराकडे बघत गाय मागून चालू लागली. अशी आमची मिरवणूक उइसकडे परत निघाली, गाय चालेल त्या वेगानं.

वाटेत परदेशी पाहुण्यांच्या गाड्या भेटल्या. त्यांनी थांबून आमचे फोटो काढले. एका बाईनं अगदी आदरानं विचारलं, हा तुमचा कुठला सण असतो? सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतेय ती? मी सांगितलं तशा त्या म्हणाल्या, "सांगा तिला, हो. दर वेळी माणूस शहाणपणा विसरला की असतो."

गाव जवळ आलं, मोबाइलला रेंज आली आणि लगेच तो वाजला. गाडी भाड्यानं देणाऱ्यांकडून एक मुलगी बोलत होती. गाडी फार वेगानं हाकली तर गाडीत बसवलेला ट्रॅकर त्यांना कळवतो, हे मला माहीत होतं.

"सर, गाडी नादुरुस्त आहे का? आमच्याकडे दिसतंय की ती चालत चाललीय."

"गाडी उत्तम आहे."

"मग इतकी हळू का?"

"गाय दमलीय."

मग तिनं विचारलं, "कसली गाय, सर?" पोरगी हेरेरो निघाली. मी रंग सांगितला, पोटावरचे पट्टे सांगितले, शिंगांचा घेर सांगितला. "सावकाश या, सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

उइसच्या वेशीवर पोलिसांची चौकी होती. हवालदार एलियासेर हा डामारा जमातीचा भला थोरला माणूस खुर्चीतून उठला, गाडीभोवती फिरला आणि मागच्या दारापाशी थबकला.

"जनावर नेण्याचा परवाना?"

"नाही."

"गाय तुमची?"

"नाही."

"कुणाची आहे?"

"माहीत नाही."

"विंडहोकची गाडी, तीही भाड्याची. दुसऱ्याची गाय. वासरू गादीवर." त्यानं सगळं बोटांवर मोजून घेतलं. "साहेब, तुमची स्वतःची गुरं किती?"

"एकही नाही," मी म्हणालो.

त्यानं भुवया चढवल्या. "हेरेरो, आणि एकही गाय नाही? मग तर चोरीला कारणही सापडलं."

आमच्याकडे माणसाला काहीही म्हणावं. आळशी म्हणा, कर्जबुडवा म्हणा, तो हसून सोडून देईल. पण गुरंचोर हा डाग माणूस मेला तरी जात नाही. थडग्यापाशीसुद्धा लोक कुजबुजतात. मी पाण्याची, खडकाची, घमेल्याची हकिगत सांगितली. हवालदार म्हणाला, "असेल. मालकानं तसं सांगितलं तर सोडतो. नाहीतर आज इथंच मुक्काम, आणि आमच्याकडे गादी नाही." त्यानं गाईच्या पुठ्ठ्यावरचा मालकीचा डाग तपासला, फोन लावला, आणि नाव सांगितलं. "केफास कांजी. ओचोहोरोंगो गावचा. कित्येक दिवस ही गाय शोधतोय. निघालाय तो."

हुल्डानं कपाळावर हात मारला. हा केफास कांजी म्हणजे तो, ज्यानं माझ्याच लग्नात, सासूबाईंनी कापलेल्या बैलाकडे बघून, चार लोकांत म्हटलं होतं, "वाळका आहे." माणसाचा अपमान विसरता येतो, बैलाचा नाही. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. प्रेतयात्रेतसुद्धा ते रस्त्याच्या त्या बाजूनं आणि आम्ही ह्या. आणि आता त्या माणसाच्या एका शब्दावर माझी अब्रू होती.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दगडावर स्वस्थ बसल्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं! तुम्ही कान बघितला होता!"

"होतं."

"तरी बाटली ओतलीत?"

"तहानलेल्या गाईला आडनाव विचारतात का, जावई?"

केफास ऊन उतरायच्या सुमाराला आला. काठी, कोट, टोपी, आणि खिळखिळी पिकअप. आमच्याकडे न बघता तो थेट गाईकडे गेला. तिच्या पोटावरून हात फिरवला, नाकपुड्या पाहिल्या, कास पाहिली. मग गादीवरच्या वासराकडे वाकून पाहिलं. कालवड होती. हवालदार वही सावरून उभा. "बोला काका. ही माणसं चोर आहेत का?"

केफासनं आता सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी मान जराही झुकवली नाही. मला वाटलं, संपलं. वाळक्या बैलाचा हिशोब आज माझ्या अंगावर चुकता होणार.

"पाणी कुणी पाजलं?" त्यानं विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"किती?"

"होतं तेवढं."

तो हवालदाराकडे वळला. "चोर पाणी पाजत बसत नाही. मिट वही." मग जड आवाजात सासूबाईंना म्हणाला, "पाउलिना, तुमच्या घरचे उपकार मी अंगावर ठेवणार नाही. कालवड तुमच्या जावयाची."

मी कालवडीकडे एक पाऊल टाकलंसुद्धा. पण सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "आम्ही पाणी विकत नाही, केफास. तुमची कालवड तुम्हाला लखलाभ."

"मी किंमत देत नाहीये! मान देतोय!"

"तुमचा मान आम्ही लग्नात बघितला!"

"तो बैल वाळका होताच!"

"दुष्काळी साल होतं ते! तुमचे बैल काय तूप पीत होते?"

कित्येक वर्षांचं साचलेलं बाहेर पडत होतं. हवालदार कंटाळून खुर्चीत बसला. आणि माझ्यासमोर माझी कालवड, जिला मी स्वतः उचलून गादीवर ठेवलं होतं, दोन म्हाताऱ्यांच्या स्वाभिमानात बुडायला निघाली होती. कधी नव्हे तो माझा आवाज चढला.

"थांबा! पाणी मी पाजलंय. कालवड नको म्हणायचं असेल, तर ते मी म्हणायचं."

दोघं माझ्याकडे वळले.

"आणि मी तसं म्हणत नाही," मी म्हणालो.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळेना. मी मार खायच्या तयारीनं उभा होतो. मग त्यांनी झगा सावरला, पागोटं ठीक केलं आणि त्या केफासकडे वळल्या.

"ऐकलंत ना? मग आता हिच्या आईचं कूळ सांगा. मागच्या सगळ्या गाईंपासून, नीट. आमच्या घरात येणारं जनावर आम्ही विचारपूस करून घेतो."

केफासनं टोपी काढली आणि सांगायला सुरुवात केली. दोघं एकाच दगडावर बसले. मध्येच सासूबाईंनी त्याला अडवून एक गाय दुरुस्त केली, ती त्यानं मान्य केली, आणि भोपळ्यातलं उरलेलं दूध त्याच्यापुढे गेलं. कालवड तिच्या आईजवळ त्याच्याच कळपात राहणार, पण कानावर खाच आमच्या घराची पडणार, असं ठरलं. नाव मी ठेवायचं. मी तिथंच ठेवलं; ते घरचं आहे, सांगत नाही. तंबू आम्ही पुन्हा उघडला नाही. गादीची जी अवस्था झाली होती तिच्यावर भाडेवाल्यांचं म्हणणं मी मान खाली घालून ऐकून घेतलं, पण मान खाली होती ती हसू लपवायला.

सोमवारी ऑफिसात डेटलेफ माझ्या टेबलावर येऊन बसला. "काय मग? टायरातली हवा किती ठेवलीस? फोटो दाखव!"

मी मोबाइल पुढे केला. फोटो एकच होता. गाडीचं उघडं दार, गादी, आणि तिच्यावर पाय दुमडून बसलेली तांबडी कालवड, थेट माझ्याकडे बघणारी. डेटलेफनं बोटानं पुढचा फोटो शोधला, मागचा शोधला.

"अरे, पण वाळवंट कुठाय?"

"तिच्या मागे," मी म्हणालो. "थोडंसं आलंय बघ."